नोव्हेंबरच्या पाकिटातलं दुसरं नाव

६ नोव्हेंबर

धाकट्या,

अकरा नंबरची गाडी काल दुपारी पुलाच्या कठड्याला घासली. ड्रायव्हरचं मनगट मोडलं, पुढच्या काचेचा चुरा झाला, प्रवाशांपैकी कुणाला काही लागलं नाही. तुमच्या डेपो मॅनेजरांनीच आज सकाळी साडेनऊला आमच्या विभागात फोन करून हे सांगितलं, तेव्हा बातमी पक्की आहे. तुला ती माझ्याआधी कळली असणार. तुला माहीत नसलेली गोष्ट एकच: त्या ड्रायव्हरचं नाव आमच्या कपाटातल्या बंद पाकिटात एक तारखेपासून होतं.

अकरा वर्षांनी पत्र लिहायचं आणि सुरुवात अपघाताने करायची, हे मलाही बरं वाटत नाही. पण माझा फोन तू घेत नाहीस, आणि डेपोच्या टपालपिशवीतून खणात आलेलं मात्र रोज सकाळी घेतोस. म्हणून हे पिशवीतून.

मी अजून सुरक्षा विभागातच आहे. ऑगस्टमध्ये आमच्याकडे एक गणिती साहेब आले. ड्रायव्हर लोक तेव्हापासून आमच्या खोलीला ‘हवामान खातं’ म्हणतात आणि साहेबांना ‘ढगवाले’. साहेबांना हे कळलंय आणि आवडलंही आहे. त्यांचं म्हणणं असं की अपघात आभाळातून पडत नाही. तो आठवडे-आठवडे आधीपासून शिजत असतो आणि त्याचा वास आकड्यांत येतो. चारशे ऐंशी ड्रायव्हरांची माहिती मी सतरा रकान्यांत भरते. झोप, पाळ्या, विश्रांती, मार्ग, गाडीचं वय, जुने ओरखडे. महिन्याच्या एक तारखेला त्यातून तीन नावं निघतात. ती मीच उतरवते, पाकिटात घालते, तोंडावर साहेबांची आणि माझी सही होते आणि पाकीट कपाटात जातं. महिना संपला की ते मोठ्या साहेबांसमोर उघडायचं. सप्टेंबरात तीनपैकी एकाला अपघात झाला. ऑक्टोबरात दोघांना.

नावं कुणालाही सांगायची नाहीत असा नियम आहे. सांगितलं की माणूस वागणं बदलतो आणि मग हिशेब खरा होता की खोटा, हे कळायचा मार्गच उरत नाही. फेब्रुवारीपर्यंत ही परीक्षा चालेल. मग ठरेल, नावं आलेल्यांना गाडीवरून उतरवायचं की नाही ते.

हे तुला का सांगत बसले, मलाच माहीत नाही. मनगट मोडलेला तुझ्या बॅचचा होता, म्हणून असेल.

एक काम होतं. आईच्या खोलीचं छत गळतंय आणि तिलाही अलीकडे बरं नसतं. या महिन्यात रजा टाकून येशील का? महिनाअखेरपर्यंत राहिलास तर उत्तम.

ताई


१३ नोव्हेंबर

धाकट्या,

तुझी चिठ्ठी मिळाली. अकरा वर्षांत आलेली पहिली, म्हणून तीनदा वाचली. फार वेळ लागला नाही. “रजा नाही. छत डिसेंबरात गळलं तरी चालेल. आई रविवारी अर्धा तास बोलली, त्यातली पंचवीस मिनिटं मी लग्न का करत नाही यावर. तिला बरं नसतं तर दहाच मिनिटं बोलली असती.”

बरोबर आहे. आई ठणठणीत आहे. छतही.

काल मी साहेबांना विचारलं. ते खिडकीशी उभे राहून सफरचंद कापत होते. त्यांना त्याचं साल न तुटता काढायची सवय आहे.

म्हटलं, “साहेब, यादीतल्या एखाद्याला सांगितलं तर?”

“तर ते नाव बाद. परीक्षा बिघडली.”

“माणूस वाचेल पण.”

“वाचेल किंवा नाही. घाबरून दुसरीकडे धडकेल. आपण त्याच्या डोक्यात आणखी एक कारण ढकललं, एवढंच. बाई, माणूस म्हणजे कारणांची बेरीज. बापाचा स्वभाव, कालची झोप, सकाळचं भांडण. त्या बेरजेला तो ‘मी ठरवलं’ म्हणतो.”

“मग मी सांगेन की नाही सांगेन, हेही ठरलेलंच असेल.”

“असणारच.”

“म्हणजे सांगितलं तर माझा दोष नाही.”

ते हसले. “दोष नाही. नोकरी मात्र जाईल. तेही ठरलेलंच.”

हा माणूस वाईट नाही, धाकट्या. मागच्या महिन्यातल्या दोघांना तो स्वतः इस्पितळात जाऊन भेटून आला. तिथे त्यांना म्हणाला, “तुमच्या जागी कुणीही असता तरी हेच झालं असतं.” एकजण रडायलाच लागला. त्याला तोवर असं कुणी म्हटलं नव्हतं. बाकी सगळे विचारत होते, लक्ष कुठे होतं तुझं?

मला बाबांची चौकशी आठवली. तुलाही आठवली असेल. त्या दिवशी बाबांना कुणीतरी असं म्हणायला हवं होतं. तू म्हणालास. मी नाही.

तुझ्या मार्गावरच्या उतारावर सावकाश जा. नेहमीपेक्षा सावकाश. का, ते विचारू नकोस.

ताई


१७ नोव्हेंबर

धाकट्या,

तू विचारलंस, “पाकिटात मी आहे का? हो किंवा नाही, एवढंच लिही.”

हो. दुसरं नाव तुझं आहे.

नुसतं ‘हो’ लिहून पिशवीत टाकणार होते, पण तुला त्यामागचंही कळायला हवं. सतरावा रकाना ‘कुटुंबात पूर्वी अपघात, चालकाचा दोष’ असा आहे. बहुतेकांचा तो शून्य असतो. तुझ्यापुढे मला एक लिहावा लागला. लिहायला मीच होते.

आणि तो एक तिथे का आला, हेही तुला ठाऊक आहे. बाबांची गाडी वळणावरून खाली गेली, दोन माणसं दगावली. चौकशीत प्रश्न एकच होता. सकाळची पाळी करून आलेल्या माणसाने दुपारी पुन्हा गाडी का काढली? तू सांगितलंस, डेपोने बोलावलं, बाबांच्या हातात काही नव्हतं. मी सांगितलं, ते नाही म्हणू शकले असते. चौकशीवाल्यांनी माझं वाक्य जसंच्या तसं निकालात घेतलं. ‘चालक नकार देऊ शकत होता.’ दोष चालकाचा. बाबांची नोकरी गेली आणि दीड वर्षात बाबा. माझं तेच वाक्य आज तुझ्या रकान्यात एक होऊन बसलंय.

गेल्या आठवड्यात साहेब जेवायला गेले असताना मी तो एक खोडून शून्य केला आणि हिशेब पुन्हा चालवला. तू अकराव्या जागेवर गेलास. मला हायसं वाटलं. मग वर पाहिलं. तिसऱ्या जागेवर एक बाई आल्या होत्या. स्टेशनच्या मार्गावरच्या, दोन मुलींच्या आई, कधीकधी माझ्याबरोबर चहा पितात. यादीत जागा तीनच असतात. मी एक पुन्हा लिहिला.

वाचून तुला राग येईल. यावा. पण आजारपणाची रजा टाक. डॉक्टरचा कागद मी मिळवते.

ताई


२४ नोव्हेंबर

धाकट्या,

तिसऱ्या नावाचंही झालं. बाजाराच्या कोपऱ्यावर काल सकाळी गाडी उभ्या ट्रकवर मागून आदळली. ड्रायव्हर अजून शुद्धीवर आलेला नाही. इस्पितळाच्या नोंदणीखिडकीवर मी स्वतः जाऊन विचारून आले. बाहेर त्याचा मोठा भाऊ भेटला. मला म्हणाला, “तुम्ही ऑफिसातल्या ना? एवढा सांभाळून चालवणारा माणूस. कसं काय झालं हो हे?” मला एक तारखेपासून माहीत होतं, आणि मी म्हटलं, “कसं सांगणार?”

आता पाकिटात एकच नाव उरलंय ज्याचं काही झालेलं नाही.

साहेबही खुशीत नाहीत. सकाळी म्हणाले, “उरलेला एक चुकावा, असं वाटतंय हो मला.” म्हटलं, “वाटून काही होतं का?”

मी तुमच्या कंट्रोलरशी बोलले. त्यांना वाटलं, घरचं माणूस चौकशी करतंय. म्हणाले, “तुमच्या भावाला झालंय तरी काय? नऊ वर्षं घड्याळ लावून यायचा. आता प्रत्येक फेरीला पंधरा-सोळा मिनिटं उशीर. उतारावर गाडी चालवतो की मिरवणूक काढतो, कळत नाही. दोन मेमो दिलेत.” हा उशीर कधीपासून, ते मी विचारलं नाही. मला तारीख माहीत होती. माझं ‘हो’ तुला मिळालं तो दिवस.

आणि ऐक, हे महत्त्वाचं आहे. दोन फेऱ्यांमध्ये तुला वीस मिनिटांची विश्रांती असते. उशिरा पोचतोस म्हणून ती आता चार मिनिटांवर आली आहे. चार मिनिटांत माणूस फक्त खाली उतरून परत चढतो. विश्रांतीचा रकाना सगळ्यात जड आहे. रोजचे आकडे माझ्याकडेच येतात. आज यादी काढली तर तुझं नाव पहिलं येईल. साहेब म्हणाले होते तसंच झालं, सांगून मी आणखी एक कारण ढकललं. न सांगणं जमलं नाही, आणि सांगितलं ते हे असं.

तुझं परवाचं पत्र माझ्यापुढे आहे. रजा घेणार नाही म्हणतोस. कारण लिहिलंयस ते मी तुझ्याच शब्दांत इथे उतरवते, म्हणजे काय लिहून बसलास ते तुला बाहेरून दिसेल.

“ताई, जरा विचार कर. मी महिना नीट काढला, तर ठरलेलं टाळता येतं असा अर्थ झाला. मग बाबाही टाळू शकले असते. म्हणजे तू खरी आणि बाबा दोषी. आणि मी धडकलो तर बाबांच्या हातात काही नव्हतं हे सिद्ध होईल. आमच्या घराण्याचा रकानाच तसा. गंमत बघ, बाबांना सोडवायचं तर मला गाडी आपटावी लागेल. घाबरू नकोस, मी तेवढा पितृभक्त नाही. पण उतारावर रोज चार वेळा हा विचार येतो आणि ब्रेकवर पाय ठेवताना मला कळत नाही की तो मी ठेवतोय की कसं.”

तू हे गंमत म्हणून लिहिलंयस. मी ते आईसमोरच वाचलं. आई म्हणाली, “काय लिहिलंय त्याने?” म्हटलं, “गंमत.” “मग हस की,” म्हणाली.

तू ब्रेकवर पाय ठेवताना बाबांचा खटला चालवतो आहेस. मागे पन्नास माणसं बसलेली असतात.

मला थोडा वेळ दे. एक गोष्ट लिहायची आहे. आज हात होत नाही.

ताई


२९ नोव्हेंबर, दुपारी अडीच

धाकट्या,

पत्र साडेतीनच्या पिशवीत जाईल. कंट्रोलरना सांगून ठेवलंय, संध्याकाळी तुझी गाडी लागली की हातात द्या, खणात टाकू नका.

अकरा वर्षांपूर्वीची ती दुपार. बाबा सकाळची पाळी करून आले, जेवले आणि आतल्या खोलीत आडवे झाले. तू शिकवणीला गेला होतास. आई शेजारी होती. पावणेतीनला फोन वाजला. मी उचलला.

बाबांच्या डेपोचे तेव्हाचे कंट्रोलर होते. म्हणाले, “एक माणूस आला नाही. बाबांना पाठवशील का?”

मी म्हटलं, “हो, येतील.”

बाबांना विचारलं नाही. आत जाऊन पाहिलंही नाही. हो म्हणून फोन ठेवला आणि मग त्यांना उठवायला गेले.

का म्हटलं, हे शोधायला बसले की पाच कारणं सापडतात. माझा नोकरीचा अर्ज त्याच कंट्रोलरच्या टेबलावर होता. बाबा कधी नाही म्हणत नसत. मोठ्या माणसाला नकार द्यायची मला सवय नव्हती. हातात इस्त्री होती, साडी जळेल म्हणून घाई होती. आणि बाबा घरी असले की रेडिओ लावता येत नसे. साहेबांना ही पाच दिली तर ते बेरीज करून देतील, उत्तर ‘हो’ येईल. पण मी तिथे होते, धाकट्या. ‘हो’ म्हणायच्या आधी एक क्षण गेला होता. मला तो अजून दिसतो. त्या क्षणात कुणी मला ढकललं नव्हतं.

पुढचं त्याहून वाईट आहे. बाबा उठून बसले. डोळे लाल. म्हणाले, “कुणी हो म्हटलं?”

मी म्हटलं, “तुम्हीच. आत्ता झोपेत म्हणालात, येतो म्हणून सांग.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, “असं? मग जायला हवं.” आणि शर्ट मागितला.

चौकशीत त्यांना विचारलं, होकार तुम्ही दिला होता का? ते म्हणाले, “हो, मीच.” तुला वाटलं, ते डेपोला वाचवतायत. तसं नव्हतं. आपणच ठरवलं असं त्यांना खरंच वाटत होतं. त्यांनी स्वतःचा निर्णय म्हणून डोक्यावर घेतला तो माझा होता. आणि मग मी उभी राहिले आणि म्हणाले, ते नाही म्हणू शकले असते. तिथे कुणीतरी नाही म्हणू शकलं असतं हे मला पक्कं माहीत होतं. फक्त ते कोण, हे मी सांगितलं नाही.

तेव्हा तुझा तो हिशेब सोडून दे. उद्या तू नीट पोचलास तरी बाबा दोषी ठरत नाहीत आणि धडकलास तरी सुटत नाहीत. त्यांना विचारलंच गेलं नव्हतं. त्यांच्या सुटकेसाठी तुझ्या गाडीची गरज नाही. मी आज सकाळी मोठ्या साहेबांना हे सगळं लेखी दिलं आहे. फोन, खोटं आणि या महिन्यात तुला सांगितलेलं नाव. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, “बाई, अकरा वर्षांनी?” ढगवाले साहेब तिथेच बसले होते. बाहेर आल्यावर म्हणाले, “तुम्ही हे देणार असं माझ्या कुठल्याच रकान्यात नव्हतं.” मग म्हणाले, “म्हणजे एखादा रकाना राहून गेला असणार.”

आता उद्याचं. महिन्याचा शेवटचा दिवस. नियम तुला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. पाळी सुरू व्हायच्या आधी ड्रायव्हर हजेरीच्या खिडकीवर ‘आज गाडी चालवू शकत नाही’ असं लिहून सही करू शकतो. कारण द्यावं लागत नाही. त्या रजिस्टरमध्ये यंदाच्या वर्षात एकही सही नाही, मी पाहिलंय. सही करणारा वरच्यांच्या मनातून उतरतो म्हणतात. उतरू दे.

तू माझं पत्र वाचून सही केलीस, तर ती तू केलीस की माझ्या पत्राने केली, हे मला सांगता येणार नाही. मला त्याची पर्वाही नाही. बाबांना मिळाला नाही तो प्रश्न तुला मिळतोय, तोही जागेपणी, एवढंच मला हवं होतं. उत्तर तुझं.

फक्त एक गोष्ट लपवत नाही. मी संध्याकाळच्या गाडीने निघतेय. रात्री तुमच्या डेपोच्या महिला विश्रांतीगृहात असेन. आईला सांगितलंय, तुला भेटायला जाते म्हणून. ती म्हणाली, “दोघं भांडू नका, आणि लग्नाचं विचार.” तू सही केलीस तर आपण समोरच्या टपरीवर चहा पिऊ आणि तुला मला काय बोलायचं ते बोल. केली नाहीस तर मी तुझ्या गाडीत, तुझ्या मागच्या बाकावर बसेन. हा दबाव आहे, मला कळतं. बसले नाही तर तोही एक दबावच. कारणं न ढकलता माणसाच्या जवळ कसं जायचं, ते मला येत नाही.

तासाभरापूर्वी कंट्रोलरशी शेवटचं बोलले. त्यांनी सांगितलं ते असं: सहा दहाची पहिली फेरी तुझ्याच नावावर लागली आहे. बदली ड्रायव्हर नाही, तू सही केलीस तर ती फेरी रद्द होईल. उद्या पहाटेपासून उतारावर दाट धुकं राहील आणि आठच्या आत ते हटणार नाही, असा इशारा आला आहे. हजेरीची खिडकी पावणेसहाला उघडते. परवा अकरा वाजता मोठ्या साहेबांसमोर पाकीट फोडतील आणि तीन नावं वाचतील.

ताई